करंड्यातली पिवळी काच

शाळेच्या पगारातून साठवून मी मुंबईहून जुना कॅमेरा आणला, काचेच्या प्लेटांचा. त्याच्याबरोबर रुपयाएवढी एक पिवळी काच मिळाली. ती भिंगावर चढवली की फोटोत ढग उठून दिसतात, असं दुकानदार म्हणाला. ठेवायची कशात, ते मात्र बोलला नाही. आमच्या किनाऱ्यावर मीठसुद्धा बरणीतच पाणी धरतं. तांदळात ठेवली तर कोंडा चिकटला, पत्र्याच्या डबीत ठेवली तर डबीच गंजली. मी वैतागलो. तसा मी लवकरच वैतागतो.

घरात माझी विधवा आत्या होती, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडेच राहिलेली. तिला त्या काचेचं माझ्याहून अप्रूप. डोळ्याला लावून ती सुपारीच्या वाडीभर हिंडायची. "अरे, भर सकाळी संध्याकाळ झाली की रे!" एकदा तिने माझ्या हातात एक लाकडी कुंकवाचा करंडा ठेवला. "बघ, बसते का." काच अगदी मापाने केल्यासारखी बसली.

करंडा कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. तिच्या कपाळी कुंकू मी कधीच पाहिलं नव्हतं. पण तळाच्या खाचेत, जुन्या मेणात, एक लाल रेघ शिल्लक होती. मी फडकं घेतलं तशी ती म्हणाली, "तेवढं राहू दे. बाकी सगळं तुझं."

रविवारी आगरदांड्याहून होडीने दिघीला निघालो. करंडा खिशात, डोक्यावर रणरणतं ऊन, खाडीवर ढगच ढग. मी उभा राहिलो तसा होडीवाला ओरडला, "मास्तर, बसा खाली, न्हायतर काच नि तुमी दोगं पान्यात!" घाईघाईत काच चढवली नि सहाच्या सहा प्लेटा वापरल्या.

संध्याकाळी माजघर अंधारं करून लाल कंदिलापाशी प्लेटा धुतल्या. सगळ्या कोऱ्या! काच उजेडात धरली, तर तिच्यावर लालसर, तेलकट थर. मग उलगडा झाला. या प्लेटांना लाल रंग दिसतच नाही, म्हणून तर त्या लाल कंदिलापाशी धुता येतात. उन्हाने मेण पाघळलं, कुंकू काचेवर पसरलं, आणि प्लेटांच्या लेखी भर दुपारी अंधार झाला. कोडं सुटलं म्हणून मी खूश झालो, क्षणभरच. मग वाया गेलेल्या प्लेटा आठवल्या. तिरीमिरीत करंडा रिठ्याने घासला, खाच सुईने कोरून काढली.

दुसऱ्या दिवशी आत्याने काच मागितली. करंडा उघडून तिने काच बाजूला ठेवली, खाचेतून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मी प्लेटांचं सगळं शास्त्र सांगत सुटलो. माझं चुकलं, एवढं मात्र तोंडातून निघेना.

"बरं केलंस," ती म्हणाली. "काचेला डाग नको."

त्यानंतर तिने ती काच कधी डोळ्याला लावली नाही.