अण्णा कायम दुसरे

किश्शांचं एक वाईट असतं. घडतात तेव्हा आपण हसतो, पुढच्या रविवारी तिखटमीठ लावून परत सांगतो, आणि मग एक दिवस कळतं की त्यातले निम्मे हसण्यासारखे नव्हतेच. आमच्या सायकलच्या टोळीकडे नऊ वर्षांत असे पोतंभर साठलेत. लोक ऐकतात आणि हसतात. मला आता हसू येत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

टोळी चौघांची. मी गणिताचा रिटायर मास्तर. गांगुर्डेचं पंचवटीत झेरॉक्सचं दुकान. सुनंदाताई कोर्टात स्टेनो होत्या, आणि कुणाचंही बोलणं मध्येच तोडून 'मुद्द्यावर या' म्हणायची सवय तिथूनच घेऊन आल्या. आणि अण्णा. तीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवर बस चालवलेले, मूळचे निफाडकडचे, बायको गेल्यापासून एकटे राहणारे. दर रविवारी सपाट रस्ता धरायचा, निफाड नाहीतर सिन्नर, कधी मुक्कामाला येवला. एखादं जुनं देऊळ, एखादी पडकी गढी, चहा, की परत. स्पीड म्हणाल तर आम्हाला दूधवालेसुद्धा ओव्हरटेक करतात.

---

आमचा एक नियम. पुढच्यानं रस्त्यात जे दिसेल ते ओरडायचं आणि मागच्यांनी एकामागून एक तेच ओरडत शेवटपर्यंत पोचवायचं. खड्डा, खडी, गाडी, जे असेल ते.

एकदा ओझरच्या अलीकडे एक गृहस्थ सकाळचे फिरायला निघालेले. त्यांच्यामागून कुत्रं आलं, ते फक्त गांगुर्डेला दिसलं. तो ओरडला, "कुत्रं!" मागून अण्णा, "कुत्रं!" मग मी. तोपर्यंत कुत्रं उसात पळालं आणि रस्त्यावर उरले ते गृहस्थ. शेवटी सुनंदाताई. त्यांनी त्या माणसाकडे नीट बघून, शांतपणे 'कुत्रं' म्हटलं.

त्या गृहस्थांनी ताईंची सायकलच धरली. "बाई, मी तुमचं काय केलं?"

ताई म्हणाल्या, "वैयक्तिक घेऊ नका. आमच्यात वरून आलेलं पुढं पाठवायचं असतं."

---

आधी पुढं अण्णाच असायचे. गेल्या वर्षी त्यांनी आपणहून दुसरा नंबर मागून घेतला. "लय वर्षं पुढं बसलो मी, मास्तर. आता जरा मागं."

मला ते पटलं. रिटायर माणसाला पटावं असंच होतं ते. गांगुर्डेचा आवाज मोठा, म्हणून तो पुढं गेला, आणि अण्णा त्याच्या मागं चाकाला चाक लावून. आम्ही म्हणायचो, काय शिस्त आहे या वयात.

---

निफाडला आमची चहाची एक टपरी ठरलेली. मालकाचा स्वभाव फार मानी. एका रविवारी त्यानं बाजूनं ग्लास पुढे केला आणि अण्णांनी घेतलाच नाही. सरळ समोर बघत बसले. मालक ग्लास धरून उभा.

"काय अण्णा, राग आला का आमचा?"

अण्णा दचकले. मग म्हणाले, "नाय रं. साखर सोडलीय मी. कसं सांगावं म्हणून गप बसलो."

मालकाला इतकं वाईट वाटलं की त्यानं तिथल्या तिथं बिनसाखरेचा करून आणला. मग दर वेळी अण्णांसाठी वेगळं पातेलं. शुगरबिगर काही नव्हती त्यांना. चहात चार चमचे साखर घालणारा माणूस वर्षभर तो कडू चहा प्यायला आणि दर वेळी म्हणाला, "झ्याक झालाय."

---

सिन्नरच्या जुन्या देवळात तर कमाल झाली. अण्णा दगडी भिंतीला तळहात लावून, पाय घासत, सबंध प्रदक्षिणा करून आले. आम्ही म्हटलं, भक्ती. मागून एक कुटुंब आलं होतं, आईवडील, सून, नातवंडं. अण्णांचं बघून तेही सगळे भिंतीला हात लावून फिरायला लागले.

त्यातल्या आजोबांनी मला विचारलं, "इथं असंच करतात का हो?"

"हो. जुनी पद्धत आहे," मी म्हटलं. चाळीस वर्षं शिकवलंय, माहीत नसलेलं ठामपणे सांगायला मला वेळ लागत नाही. अजूनही तिथं कुणी भिंत धरून फिरत असेल तर ते पाप माझं.

---

मग तो फेब्रुवारी. दिंडोरीचा रस्ता, द्राक्षांचा सीझन, जागोजागी ट्रॅक्टर उभे. आदल्या दिवशी भाच्याच्या हळदीत नाचून ओरडून गांगुर्डेचा घसा पार बसलेला. निघतानाच त्यानं कुजबुजत सांगितलं, "आज आवाज नाही. हातानं दाखवतो." आम्ही मान डोलावली. अण्णा तेव्हा चाकात हवा भरत होते.

एका वळणानंतर क्रेटनं भरलेली ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी होती. गांगुर्डेनं हात मागं नेऊन व्यवस्थित इशारा केला. मला दिसला. मीही मागं ताईंसाठी हात केला. ताईंनाही दिसला.

अण्णा सरळ ट्रॉलीत गेले. ब्रेकसुद्धा लावला नाही त्यांनी. वरचे क्रेट त्यांच्या अंगावर आले. आम्ही त्यांना बाहेर काढलं तेव्हा सगळा शर्ट द्राक्षांनी माखलेला आणि डावा खांदा भलतीकडेच लोंबत होता.

ट्रॅक्टरवाला धावत आला. "आंधळं हाय का हे म्हातारं?"

सुनंदाताईंनी त्याला दहा मिनिटं शब्दांनी असा झोडपला की बिचाऱ्यानं शेवटी स्वतःच माफी मागितली. आमच्या बाजूनं त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली.

---

हाडांच्या डॉक्टरांनी सही करायला कागद पुढं केला. अण्णांनी कागद सोडून टेबलावरच सही केली. डॉक्टरांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागदाची सुरळी करून माझ्या डोळ्याला लावली. "काचबिंदू आहे. यांना एवढंच दिसतं, तेही धुरकट. बाजूचं सगळं गेलंय आणि गेलेलं परत येत नाही. उरलंय ते टिकवायचं. हे घरात एकटे असतात?"

गांगुर्डे खालच्या आवाजात म्हणाला, "मागच्या रविवारी साठ किलोमीटर सायकल चालवली त्यांनी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही लोक कुठं होता?"

"मी पुढं," गांगुर्डे म्हणाला.

"मी मागं," मी म्हणालो. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाहेर बाकावर बसल्यावर अण्णा म्हणाले, "गांगुर्डेचा आवाज होता तोवर मला काय बी अडचण नव्हती. बाकी रस्ते पाठ हायत." मग म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर नेलं असतं का तुम्ही मला?"



---

पुण्याहून अण्णांचा मुलगा महेश आला. चांगला मुलगा आहे, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घर बंद करून वडिलांना अकराव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं ठरलं, खांदा जुळला की लगेच. मला म्हणाला, "काका, तुम्ही शिक्षक ना? वर्षभर तुम्हाला दिसलं नाही?"

मग त्यानं सांगितलं ते मी केलं. अण्णांच्या सायकलला साखळी घातली आणि कुलूप लावलं. अण्णा ओट्यावर आले, हातानं साखळी चाचपली आणि विचारलं, "चावी कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं."

"मंग बरंय," म्हणाले आणि आत गेले.

गांगुर्डेनं कुठूनतरी दोन सीटची सायकल पैदा केली. अण्णांनी तिच्या मागच्या सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "तीस वर्षं पॅसेंजर मागं बसवलेत मी, गांगुर्डे. मी नाय बसायचो." मग त्यांनी मागितलं ते एवढंच, जायच्या दिवशी एक फेरी, आणि पुढं ते स्वतः.

सुनंदाताई भडकल्या. "वेड लागलंय तुम्हा सगळ्यांना. परत पडले तर मी खांदा द्यायला येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते." त्यानंतरचे दोन रविवार त्या आल्याच नाहीत.

---

आता शेवटचा सांगतो.

महेश हो म्हणाला, याचं मला अजून नवल वाटतं. पण अटी घातल्या. निफाडकडचा कालव्याचा रस्ता, तीन किलोमीटर, सरळ, रविवारी सकाळी चिटपाखरू नसतं. पलीकडच्या टोकाला पुलावर तो गाडी घेऊन थांबणार, सामान डिकीत भरलेलं. "वीस मिनिटं, काका. तिथून थेट पुणं."

सकाळी आम्ही पोचलो तर सुनंदाताई सायकल घेऊन आधीच उभ्या.  सवयीप्रमाणे सगळ्यांत मागं लागल्या.

अण्णा पुढं. कालव्याच्या बाजूनं त्यांच्या बरोबरीनं मी, मागं गांगुर्डे. पहिला अर्धा किलोमीटर अण्णांनी असा काढला की मलाच दम लागला. टोकाला महेशची पांढरी गाडी दिसायला लागली. म्हणजे आम्हाला.

अण्णांनी ब्रेक लावला. "हळू. बैलगाडी हाय पुढं."

मी बघितलं. रस्ता पुलापर्यंत रिकामा होता.

गांगुर्डे माझ्याकडे बघत राहिला. मग नियमाप्रमाणे म्हणाला, "बैलगाडी."  मागून ताईंचा आवाज आला, "बैलगाडी."

"कडबा भरलाय," अण्णा म्हणाले. "रुंद हाय. बाजू द्यायचा नाय तो. आपल्याला कुठं घाई हाय?"

आणि आम्ही बैलाच्या चालीनं निघालो. इतक्या हळू सायकल चालवणं सोपं नसतं. माझा पाय दहादा खाली टेकला, गांगुर्डे दोनदा कडेच्या गवतात गेला. अण्णांचा पाय एकदाही टेकला नाही. मध्येच म्हणाले, "बैल चांगले ठेवलेत गड्यानं." खिशात माझा फोन वाजत होता, महेशचाच. मी उचलला नाही. अडीच किलोमीटर आम्ही तसेच गेलो.

पुलावर महेश रस्त्याच्या मधोमध उभा होता, घामानं डबडबलेला. "सव्वा तास झाला. काय झालं काय?"

गांगुर्डेनं माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे. अण्णा सायकलचा दांडा धरून उभे होते.

सुनंदाताई मागून आल्या, खाली उतरल्या आणि पदरानं तोंड पुसत महेशला म्हणाल्या, "पुढं बैलगाडी होती रे. जागाच देईना."