डावा कोपरा सोडून

मिरज स्टेशनावर मला पोचवायला तुम्ही मंडळातले सहा गडी आला होतात आणि सातवे आबा, माझे वडील. तुम्ही थट्टामस्करीने फलाट डोक्यावर घेतला होता. आबा मात्र सामानाच्या हातगाडीकडे बघत उभे. एके काळी सांगलीच्या कबड्डीत त्यांच्या चढाईची दहशत होती. त्यांच्याच मंडळात मी डावा कोपरा सांभाळायचो आणि एकदा हातात आलेला घोटा सोडायचो नाही, ही आमच्या घरची शिकवण. बंगळूरला पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपात लेथवर नोकरी लागली म्हणून मी निघालो होतो. गाडी हलली तेव्हा आबा म्हणाले, "पोटासाठी जातोयस, जा. पण खेळ सोडू नकोस." मी हसून मान हलवली. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं, आणि मी बावीस वर्षांचा शहाणा.

तिथल्या शिवाजीनगरात मला खोली मिळाली ती घरमालकीण अक्कांच्या अंगणात. अक्कांचं घराणं बंगळुरात तीनेकशे वर्षांपासूनचं, कानडी वळणाचं मराठी बोलणारं. पण पहिल्या दिवशी त्यांनी "स्वल्प भात घालू की?" असं विचारलं तेव्हा मी बघतच राहिलो. त्यांनी चांगला ढीगभर भात वाढला. तेव्हापासून मी त्यांच्या घरचाच झालो.

कबड्डीचे संघ तिथेही होते, पण त्यांचा सराव नेमका माझ्या सेकंड शिफ्टच्या वेळी. रविवारी तेवढा मी मोकळा. अशाच एका रविवारी कॅन्टोन्मेंटच्या बाजूच्या मैदानावर तीसएक धटिंगण लांबट चेंडूसाठी एकमेकांना आडवं करताना दिसले. रग्बी! एक माणूस कमी होता. पायात बूट नसतानाही मी उतरलो आणि पहिल्याच मिनिटाला एका दांडगटाचा घोटा धरून त्याला भुईसपाट केला. मला वाटलं, आता टाळ्या. वाजली ती शिट्टी. आमचे कोच, फौजेतून निवृत्त झालेले, लांबून ओरडत होते, "अरे, गिराया ना? अब छोड़ो उसको!"

रग्बीत माणूस पाडला की तत्क्षणी सोडायचा, उठायचं आणि मग चेंडूला हात घालायचा. धरून बसलात की पेनल्टी. तुम्हीच सांगा, सांगलीच्या कोणा गड्याला हे जमेल? मला वर्ष लागलं. त्या वर्षात माझ्या एकट्याच्या पायी आमच्या संघाने किती सामने घालवले ते विचारू नका. हात आपोआप आवळायचे. जमलं, तेव्हा आनंद झाला आणि त्याच क्षणी आबा आठवले.

त्यांना मी सगळं कळवलं. त्यानंतर त्यांची पत्रं थांबली. आईच्या पत्रात "हे बरे आहेत" एवढंच. पुढे दशक संपता संपता देशाच्या संघात माझं नाव आलं. परक्या मुलुखात, निळ्या जर्सीत राष्ट्रगीताला उभा राहिलो तेव्हा मी ढसाढसा रडलो. सामना आम्ही सणकून हरलो. इकडे अक्कांनी गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. वर्तमानपत्रातलं कात्रण मी घरी पाठवलं, पण आबांची एक ओळसुद्धा आली नाही. तेव्हा फार एकटं वाटलं. देशासाठी खेळूनही मी त्यांच्या लेखी खेळ सोडलेलाच होतो.

दुसऱ्या वर्षी आईने त्यांना हट्टाने बंगळूरच्या गाडीत बसवलं. रविवारी आमचा क्लबचा सामना होता. आबा कडेला अक्कांशेजारी सतरंजीवर बसले, धोतर सावरून. मी समोरच्याला घोट्याला धरून पाडलं, सोडलं, उठून चेंडू काढला. झकास जमलं होतं. तेवढ्यात कडेवरून आबा गरजले, "अरे, सोडलास कशाला? हातात होता की तो!" ज्यांना मराठी कळत नव्हतं तेही हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी अंगणात बसलो असताना आबा एकदम म्हणाले, "कसं करता ते दाखव मला."

"आबा, तुमचं वय..."

"वयाचं मी बघतो. ये."

अक्का धावत आतून गादी घेऊन आल्या आणि आबांना म्हणाल्या, "अय्यो, सावकाश करा की अण्णा!" आबा चेंडूऐवजी उशी काखेत मारून आले, साठीतही पाय हलका. मी घोटा धरला आणि त्यांना अलगद गादीवर उतरवलं.

"सरी? ठीक ना?" अक्कांनी घाबरून विचारलं.

"काही झालं नाही." मग माझ्याकडे बघून आबा म्हणाले, "आता सोड. तुमचा नियम आहे ना?"

मी आजही बंगळुरातच आहे. पीण्यात स्वतःचं लहानसं वर्कशॉप आहे. गुडघा कधीच कामातून गेला, पोरं कन्नडमध्ये भांडतात. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी सवयीने सांगली म्हणतो. पण खरं विचाराल तर मला ती संध्याकाळ आठवते. मला हातातला त्यांचा पाय सोडवेना. आणि भल्याभल्यांच्या हातून निसटून गेलेल्या आबांनी तो ओढून घेतला नाही.