मानेची तपासणी

"मंगळसूत्र काढावं लागेल," सोनोग्राफी करणारी मुलगी म्हणाली. चाळीस वर्षांत ते आईच्या गळ्यातून उतरलं नव्हतं. नाइलाजानं तिनं काढलं आणि डाव्या मुठीत घट्ट धरलं. मानेवर थंडगार जेल लागलं, पडद्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दिसली आणि कॉम्प्युटरनं आपणहून तिच्या कडेला पिवळी रेघ ओढली. रक्तवाहिनीच्या भिंतीची केसाएवढी जाडीसुद्धा मोजतो म्हणे! डॉक्टर, ती मुलगी, मीसुद्धा त्या रेघेकडे टक लावून बसलो.

तेवढ्यात फरशीवर काहीतरी पडलं. मंगळसूत्र होतं. "हात पुन्हा बधिर झाला गं," आई पुटपुटली.

"आजी, हलू नका, रेघ तुटते," डॉक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले.

यंत्रावर माझा राग नाही. त्याला रक्तवाहिनी दाखवली, त्यानं ती इमानेइतबारे मोजली. पण ज्यांना कान आहेत, त्यांनी का ऐकू नये? हात बधिर होतो म्हणून तर आम्ही आलो होतो! जे माणूस तोंडानं सांगतं ते खोटं आणि पडद्यावर उमटेल तेवढंच खरं, हे कधी ठरलं?

"सगळं ठीक आहे," रिपोर्ट देताना डॉक्टर म्हणाले. "कॉम्प्युटरनं मोजलंय."

मी मंगळसूत्र पुसलं आणि त्यांच्यासमोरच आईच्या डाव्या हातात ठेवलं. तिची बोटं मिटेनात.

"पडेल गं," ती घाबरून म्हणाली.

"पडू दे आई," मी म्हणाले. "आता डॉक्टर बघतायत."