गोटा ठेवलेली बॅटरी

माझी पोरगी दोन वर्षं सावली गावातल्या आमच्या घरात, मधल्या खोलीत, कम्प्युटरपुढे बसून एक खेळ बनवत होती. पुण्याची नोकरी सोडून आली आणि खेळ बनवते, तोही फुकट वाटायला, हे मी कोणाला सांगत नसे. कोणी विचारलं तर ‘घरून काम चालू आहे’ म्हणायचो. खोटं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, पुण्याच्या एका कंपनीतून तिला बोलावणं आलं. शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. मी म्हटलं, “जाय. किती दिवस चित्रं काढत राह्यशीन?”

“बाबा, तुमी हा खेळ खेळा. मले न इचारता शेवटापर्यंत गेले, तर मी इथीच राहीन आन् खेळ लोकाईले सोडीन. नाई गेले तर कंपनीत जाते. तुमाले जमला तर कोणालेई जमन.”

तिनं जावं असं तर मलाच वाटत होतं. म्हणजे मी हरलो की माझं काम होणार. पण हरायचं कसं ते मला कोणी शिकवलं नाही. शाळा चौथीत सोडली, तीसुद्धा मास्तरला तोंडावर सांगून सोडली. “आण तुया खेळ,” म्हटलं.

खेळ दोनशे वर्षांनंतरचा. वैनगंगा आटलेली, गावावर काचेचं झाकण, आत लोखंडी जिने, निळे दिवे. धावायचं नाही, गोळी मारायची नाही. चित्रात बाण नेऊन बटन दाबलं की काहीतरी होतं. दार उघडतं, पाटीवर अक्षरं येतात. अक्षराला अक्षर जोडत मी सगळ्या पाट्या वाचल्या. पहिल्याच दिवशी तीन दारं उघडली. संध्याकाळी चौकात गेलो तेव्हा माझी चाल बदलली होती.

मग चौथं दार आलं. ते बॅटरीशिवाय उघडत नाही. बॅटरी समोरच होती, बाकड्यावर. आणि तिच्यावर गोटा.

तरुणपणी मी एटापल्लीकडे बांबू तोडायला, तेंदूपत्त्याला जायचो. तिकडे रानात कोणी मोळी बांधली, मोहा गोळा केला आणि ठेवून गेला, तर वर एक गोटा ठेवतो. गोटा आहे म्हणजे धनी आहे, तो येणार आहे. वस्तू चार दिवस पडून राहिली तरी कोणी हात लावत नाही. एकदा भर उन्हात घसा सुकलेला असताना मला पाण्यानं भरलेला, भोपळ्याचा तुंबा दिसला. वर गोटा होता. मी पुढे निघालो.

तर मी धनी शोधायला लागलो. एकेक जिना, एकेक खिडकी, नळ्यांच्या मागं, बटन दाबून दाबून पाहिलं. माणूस कुठंच नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. जेवताना बोटं ताटावर बटन दाबत. शेतात निघालो तर बांधावरून परत आलो. बायको म्हणाली, “धानावर कधी एवढे डोळे लावून बसले नाई.” पोरगी खोलीत येई, पडद्याकडे न पाहता जाई. तिचं न पाहणं मला मानेवर जाणवायचं.

शुक्रवारी दुपारी तिला राहवलं नाही.

“बॅटरी काऊन उचलत नाई, बाबा?”

“शर्त हाय. इचाराचं नाई.”

“इचारून मी राह्यली, तुमी नाई.”

“कोणाची हाय ते सांग आधी.”

“कोणाचीच नाई. खेळातली हाय.”

“मंग गोटा कोनं ठेवला?”

तिनं पडद्यावरच्या गोट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “चित्रात मीच काढला. बाकडा रिकामा दिसत होता. लहानपणी तुमीच रानात दाखवला होता.”

“दाखवला तवा अर्थबी सांगतला होता.”

“पुसून टाकते. मिनिटाचं काम हाय.”

“पुसू नको. धन्याले आण. दोनशे वर्षांत काय सारे चोर होतीन?”

“बाबा, असे खेळ साऱ्या जगात असेच असतात. दिसलं ते उचलाचं.”

“मंग जगाले उचलू दे. मी बसलो.”

माणूस काढायचा, त्याला बोलतं करायचं, तर महिना लागेल, असं ती म्हणाली. आणि शनिवार उद्यावर होता. ती माझ्याकडे पाहत राहिली. ‘हरलो’ एवढं म्हटलं असतं तर ती पुण्याला गेली असती, माझ्या मनासारखं झालं असतं. तोंडातून निघालं ते असं, “महिना तर महिना. मी कुठी चाल्लो?”

शनिवारी तिनं कंपनीला फोन करून एक महिना मागितला. मी अंगणात टोपलं विणत कान देऊन होतो. ती बाहेर आली, “नाई म्हनले,” एवढं बोलली आणि कम्प्युटरपुढे जाऊन बसली. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. टोपलं अर्धं टाकून उठतो. नोकरी माझ्या हट्टापायी गेली. उद्या तो खेळ कोणी हातातच घेतला नाही तर? पाहुणे विचारतात, ‘पोरगी काय करते?’ आता मी खरं सांगतो, आणि सांगून उठून जातो.

परवा तिनं हाक मारली. पडद्यावर बाकड्याशेजारी आता एक बुढी बसलेली होती, खांद्यावर घोंगडं. मी तिच्यावर बाण नेला, बटन दाबलं, बॅटरी मागितली. अक्षरं आली. जोडली. ‘नाई देत.’ पुन्हा मागितली. ‘कोणाचा कोण तू? कायले पाह्यजे?’

मी मागं वळलो. पोरगी दाराला टेकून ओठ दाबत उभी.

“इतकी अडेल बुढी कुठून आणली?”

“घरातूनच,” ती म्हणाली.

बुढीला उत्तर द्यायला खेळात तीन ओळी दिल्या आहेत, त्यातली एक निवडायची. तिन्ही मी लावून पाहिल्या, ती तोंड फिरवते. मी पार होत नाही तोवर पोरगी खेळ लोकांना सोडत नाही, आणि मला उत्तरही सांगत नाही. आज सकाळपासून चौथ्यांदा खुर्चीवर बसलो आहे.