कमीत कमी तक्रारीचा पक्षी

निवृत्त झाल्या दिवशी खिडकीवाल्या काकांनी घरात पाऊल टाकलं, चपला काढल्या आणि बायकोला एवढंच सांगितलं, "आता मला कोणी काही सांगू नका."

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. एकतीस वर्षं ते पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसले होते. समोर जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक आणि त्या भोकातून दहा ते साडेपाच आत येणारी गाऱ्हाणी. पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, गढूळ नसलं तर शेजाऱ्याकडे जास्त येतं. काकांच्या हातात ना नळ, ना टाकी. एक वही आणि एक शिक्का. पण माणसं अशी बघायची, की जणू काकांनीच पहाटे उठून शहराचं पाणी पिऊन टाकलंय.

या खिडकीत टिकून राहायची काकांची एक युक्ती होती. समोरचा जितका चढेल तितकं आपण उतरायचं. तो ओरडला की काका पुटपुटायचे. मग ऐकू यावं म्हणून त्याला जाळीला कान लावावा लागे, आणि जाळीला कान लावून कोणाला फारसं ओरडता येत नाही. युक्ती उत्तम होती, फक्त ती काकांच्या अंगवळणी पडली. आवाज झिजत झिजत इतका बारीक झाला, की निरोपाच्या दिवशी त्यांचं भाषण दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. लोकांनी अंदाजाने टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर काकांनी आरामखुर्ची गाठली. काकू आपल्या बोलत असायच्या. वरच्या मजल्यावरची बाई खुर्च्या कशा ओढते, इस्त्रीवाल्याने पुन्हा कोणाचा तरी सदरा आपल्यात कसा घातला, असं सगळं. काका डोळे मिटून मध्येच ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे. हळूहळू काकूंचं बोलणं कमी झालं. मग जवळजवळ बंदच पडलं. काकांना वाटलं, चला, बायकोला आपली दया आली. तक्रार यायची थांबली म्हणजे काम झालं, असं कार्यालयात मानत. काकांनी तोच हिशेब घराला लावला आणि मनातल्या मनात शिक्का मारला, 'निकाली'.

तो निकाल फिरवला दूरगावी राहणाऱ्या लेकीने. एका रविवारी तिचा फोन आला.

"बाबा, आईला काय झालंय? फोनवर नुसतं हो-नाही करते आणि ठेवून देते."

"काही नाही. ठीक आहे सगळं."

"जरा मोठ्याने बोला हो."

"ठीक आहे म्हटलं."

"ठीक नाहीये. दोघं दिवसभर दोन कपाटांसारखे बसून असता. तिला एखादा पक्षी तरी आणा. घरात काही किलबिल होईल. पुढच्या महिन्यात मी येतेय. आई तेव्हाही अशीच दिसली तर मी तिला इकडे घेऊन येणार आहे, कायमची. तुम्हाला शांतता हवी ना? बसा मग शांत."

फोन ठेवल्यावर काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून डबे पुसत होत्या. पुसलेलाच डबा पुन्हा पुसत होत्या. ही शांतता आपल्याला एकट्यालाच भोगायची, या विचाराने काकांनी उठून चपला घातल्या.

पक्ष्यांचं दुकान बसथांब्यामागच्या गल्लीत होतं. बोळाएवढं रुंद, आणि छतापर्यंत पिंजरे. आतला कलकलाट ऐकून काकांना आपली खिडकी आठवली आणि आल्या पावली परत जावंसं वाटलं. पण उलट्या खोक्यावर बसून दाण्यांची फोलपटं फुंकणाऱ्या पक्षीवाल्याने त्यांना पाहिलं होतं. भुवयांवर भुसा, डोळ्यांत झोप. दमलेल्या माणसाला दमलेला माणूस लगेच ओळखू येतो.

"बोला साहेब. याआधी काही पाळलंय?"

"नाही."

"काहीच नाही?"

"एक वरिष्ठ सांभाळले होते. अकरा वर्षं."

"मग पक्षी जमेल तुम्हाला," पक्षीवाला म्हणाला.

काकांनी खिशातून कागद आणि पेन काढलं. "प्रत्येक पक्ष्याबद्दल लोक परत येऊन काय तक्रार करतात, तेवढं सांगा. ज्याच्या तक्रारी सगळ्यात कमी, तो मी नेतो."

पक्षीवाल्याला असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं होतं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "हे बजी, छोटे पोपट. नवीन माणसाला बरे, पण जोडीने ठेवायचे. तक्रार, उजाडायच्या आत गप्पा सुरू. हे फिंच. एवढेसे जीव, बघायला छान. तक्रार, हातावर येत नाहीत. हा तुरेवाला कॉकटेल. माणसाला लळा लावतो, शीळ घालतो. तक्रार, एकटं सोडलं की घर डोक्यावर घेतो."

"आणि तो मोठा पोपट?"

"तो पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी देत नाही. शिवाय तो पन्नास वर्षं जगतो. आपलं वय काय, साहेब?"

"बासष्ट."

पक्षीवाला पुढच्या पिंजऱ्याकडे वळला.

खालच्या कोपऱ्यात एका पिंजऱ्यात एक बजी एकटाच बसला होता. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून. एवढ्या गोंगाटात त्याचा हूं नाही की चूं नाही. काकांना तो पाहताक्षणी आवडला. स्वतःच्या आरामखुर्चीतला फोटो पाहावा तसं वाटलं त्यांना.

"याची तक्रार काय?"

"याची काहीच तक्रार नाही."

"मग हाच द्या."

"तो विकायचा नाही. आजारी आहे."

"किती शांत बसलाय."

"आजारी आहे म्हणून शांत बसलाय." पक्षीवाला त्या पिंजऱ्यावर फडकं ओढत म्हणाला, "पाखरं दुखणं दाखवत नाहीत, साहेब. बोलणं बंद करतात, अंग फुगवतात आणि बसून राहतात. नवीन माणसाला वाटतं, काय गुणी पक्षी आहे. घरी नेतात आणि चौथ्या दिवशी रिकामा पिंजरा घेऊन मला भांडायला येतात. पक्षी हवाय कोणाला? तुम्हाला?"

काकांचं पेन थांबलं होतं. "बायकोला."

"मग त्यांना आणा. माझी पद्धत आहे. ज्याच्यासाठी पक्षी, त्याने या स्टुलावर अर्धा तास बसायचं. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. कुठे, कशाला, काही विचारलं नाही. मांडीवर पर्स घेऊन स्टुलावर बसल्या. समोर फिंचांचा पिंजरा. आठ फिंच एकमेकांवर तुटून पडल्यासारखे ओरडत होते. काकांनी कपाळ धरलं.

"गोड आहेत," काकू म्हणाल्या. "पण हे मुकेच असतात का हो?"

पक्षीवाल्याने काकांकडे पाहिलं. काकांनी फिंचांकडे पाहिलं. आठही चोची उघडमीट करत होत्या.

पक्षीवाला काकूंच्या मागे गेला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, इकडे बघा जरा." काकू बघेनात. तेवढ्यात कोपऱ्यातल्या कॉकटेलने कान फाटेल अशी शीळ घातली. काकू झटकन वळल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. असा उजळलेला चेहरा काकांनी वर्षभरात पाहिला नव्हता.

"हा बोलतो," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे कुरकुरले. "तुला ऐकू येत नाही?" त्यांनी विचारलं. यावेळी आवाज काढून.

काकूंनी पर्सचा बंद उगाच सरळ केला. "बारीक आवाज येत नाहीत. वर्ष होऊन गेलं. फोनवर पोरीचं अर्धंच कळतं. तुमचे तर नुसते ओठ हलताना दिसतात. दोन-तीनदा विचारलं, काय म्हणालात. तुमचे डोळे मिटलेले. म्हटलं, दमलाय माणूस, आयुष्यभर ऐकूनच दमलाय. आपण कशाला त्यात भर घाला."

"मला सांगायचंस ना."

"कुठल्या खिडकीत सांगणार होते?" काकू म्हणाल्या. टोमणा नव्हता. खरंच विचारल्यासारखं विचारलं त्यांनी.

काकांनी कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे बोट केलं. मग एकतीस वर्षांत काढला नव्हता एवढा आवाज काढून त्यांनी विचारलं, "हा कॉकटेल घेऊया का?"

क्षणभर सगळे पिंजरे चिडीचूप झाले.

"घेऊया की," काकू म्हणाल्या. "पण चारचौघांत ओरडताय कशाला?"

कॉकटेल बसमध्ये सगळा रस्ताभर किंचाळला. काकू पिंजरा मांडीवर धरून हसत होत्या, आणि काकांनी तिकिटाच्या मागे लिहून ठेवलं, 'कानाचे डॉक्टर, उद्या'. लोक वळून वळून बघत होते. ती नजर काकांच्या ओळखीची होती.

संध्याकाळी काका आरामखुर्चीत टेकले न टेकले तोच पक्ष्याने शीळ मारली. स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "काही म्हणालात?"

काकांचं डोकं घणघणत होतं. तरी ते उठले, आत गेले आणि काकूंना ओठ नीट दिसतील असे दिव्याखाली उभे राहिले.

"मी नव्हतो, तो होता. पण तू सांग. ती वरची बाई अजून खुर्च्या ओढते का?"

काकूंनी गॅस बारीक केला.

"बसा मग," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."