घासू अण्णाची मोटार

आमचा अण्णा टायर हुंगायचा. गाडी दामटून आणली की उकिडवा बसायचा, मागच्या टायरवर थुंकायचा, तळव्याने खसाखसा चोळायचा आणि तो तळवा नाकाशी नेऊन डोळे मिटायचा. मग तसाच घरात येऊन त्याच हाताने भाकरी मोडायचा. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. पण मी त्याची सख्खी धाकटी बहीण. अण्णा आठवला की मला आधी किळस येते. माया मागून येते, हेही खरं.

सोलापुरात, आमच्या भवानी पेठेत त्याला घासू अण्णा म्हणत. त्याने एक जुनी मोटार घेतली होती आणि घेतल्या घेतल्या तिच्या मागच्या स्प्रिंगांचे काही पोलादी पाटे काढून आणि पुढच्या स्प्रिंगा कापून तिला जमिनीलगत आणून बसवली होती. आमच्या बोळात शिरताना ती पोट घासत यायची. तो आवाज ऐकून माझे दात आंबायचे. कुत्रंसुद्धा तिच्याखाली सावलीला बसू शकत नव्हतं. "अण्णा, गाडी कशाला ही? घोरपड वाटते," मी म्हणायचे. त्यावर तो म्हणायचा, "चेल्ली, गाडीनं जमीन धरून चालावं. उंच गाडी वळणावर झोकांड्या खाती, दारुड्यावानी." चेल्ली म्हणजे आमच्या तेलुगूत धाकटी बहीण. तेवढं एक तो गोड म्हणायचा.

घरी वडिलांनी ठेवलेले माग होते. ते अम्मा आणि लक्ष्मीवहिनी बघायच्या, अण्णा मोटारीखाली असायचा. दिसायचे फक्त त्याचे पाय. जेवायला हाक मारली की पाय हलायचे, तेवढंच उत्तर. कार्बोरेटर धुवायला त्याने एकदा देवाचं ताम्हण नेलं. अम्माने ते चिंच लावून, राख लावून घासलं, तरी त्याला रॉकेलचा वास राहिला तो राहिलाच. देवांनी सोसलं, मला नाही सोसवत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तेलगिरणीवाल्यांच्या थोरल्याला हरवायचं म्हणून. त्याची मोटार उंच, चकचकीत. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर गाव संपल्यावर एक सरळ पट्टा होता, त्याच्या टोकाला चिंचेखालून वळण. वळणापलीकडच्या विहिरीपर्यंत जो आधी पोचेल तो जिंकला. अण्णा दर वेळी सुरुवातीलाच मार खायचा. रुमाल पडला की त्याची चाकं जागेवर गरगर फिरायची, रबर जळून धूर व्हायचा आणि उंच मोटार निघून जायची. वळणावर मात्र अण्णा असा चिकटून वळायचा की अंतर निम्मं भरून काढायचा. तरी हरायचाच.

"नाक उचलंना झालंय तिचं," तो जेवताना सांगायचा. "सुटताना गाडीनं नाक वर करून मागं बसाय पायजे. तवा मागच्या चाकावर वजन येतं, तवा चाक धरतं. मी पुढनं घट्ट बांधलीय. सैल करावं तर वळणाला डुलती. दोन बायकांचा दादला झालोय बग. सरळ रस्त्याला खूश करावं तर वळण रुसतं."

"तुला एक बायको झेपंना," अम्मा म्हणायची. वहिनी खाली मान घालून वाढायची.

मग त्याने डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं. गाडी सुटली झकास, पण वळणावर शेपूट बाहेर फेकली गेली आणि थांबली ती उलट्या तोंडाने. पोतं घरी परत आलं. पुढे कितीतरी दिवस आमच्या भाकरीला पेट्रोलचा वास येत होता. मला घास गिळवायचा नाही. अण्णा चवीने खायचा.

लक्ष्मीवहिनी मंगळवेढ्याची. तिचे वडीलही मागावरचेच, साधं घर. लग्नात मोटारवाला जावई मिळाला म्हणून त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पण लग्नापासून वहिनी त्या मोटारीत एकदाही बसली नव्हती. गाडी एक तर विटांवर चढवलेली, नाही तर शर्यतीला गेलेली. सातवा महिना लागला आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची वेळ आली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अहो, मला मोटारीतनं न्या. दारात उतरले की बाबांना बरं वाटंल." तिने नवऱ्याकडे काही मागितल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

अण्णा तयारच. "सोडतो की! वाटंवर शर्यत हाय, ती उरकू आन् तसंच फुडं जाऊ."

मला तिथंच शिसारी आली. सकाळी पाहते तर त्याने मागची बैठक उपटून ओसरीत टाकलेली आणि तिच्या जागी आमच्याच मागावरच्या चादरींची थप्पी रचलेली, पाण्यात भिजवून जड केलेली. वजन डिकीत नको, बरोबर चाकाच्या डोक्यावर पाहिजे, ही त्याची नवी अक्कल. "आणि वहिनी कुठं बसणार?" मी विचारलं. तो म्हणाला, "शर्यत झाली की चादरी विहिरीवर टाकू, बैठक टांग्यातनं मागवू. हाय काय त्यात!" पुढची दुसरी जागाही त्याने वजन नको म्हणून काढली होती. वहिनी आणि मी टांग्याने विहिरीपर्यंत गेलो आणि पिशव्या घेऊन उन्हात उभ्या राहिलो.

मोटार सुटली ती खरंच बघण्यासारखी. नाक वर, बूड खाली, धूर नाही. अण्णा पहिल्यांदा पुढे होता. वळणावर आला आणि ओली थप्पी आतल्या आत एका बाजूला घसरली. गाडी रस्ता सोडून कडेच्या शेतात शिरली आणि कलून थांबली. दाराखालून लालभडक पाणी वाहायला लागलं. कच्चा रंग होता चादरींचा. ते मला माहीत होतं, वहिनीलाही माहीत होतं. पण ती किंचाळली आणि पोट धरून ढेकळांतून धावत सुटली.

दार उघडून अण्णा बाहेर आला. कमरेपर्यंत लाल, ओरखडासुद्धा नाही. वहिनीकडे त्याने पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून ओरडला, "चेल्ली! पिकअप बगितलीस का?"

वहिनी थांबली. वळली. रस्त्याने मंगळवेढ्याची एस.टी. येत होती, तिला हात केला आणि चढली. पिशव्या घेऊन मी मागोमाग. अण्णा बसमागे थोडा पळाला, मग दिसेनासा झाला. वाटेत ती रडली नाही. मीच अण्णाला शिव्या देत होते.

मी वहिनीजवळ तिथंच राहिले. बाळ आलं, मुलगी. दोन महिन्यांनी दोघींना न्यायला अण्णा मोटार घेऊन मंगळवेढ्याला आला. पाटे पुन्हा चढवलेले, पुढे नव्या स्प्रिंगा, बैठक जागेवर, आत गादी, काचा पुसलेल्या. गाडी इतकी उंच दिसत होती की मी ओळखलीच नाही. सगळी गल्ली दारात आली. वहिनी बाळ घेऊन उंबऱ्यात आली, मोटारीकडे नीट बघितलं आणि वडिलांना विचारलं, "बाबा, सोलापूरची एस.टी. किती वाजता हाय?"

अण्णाने खिशातून किल्ली काढली आणि सासऱ्यांच्या हातावर ठेवली. "मामय्या, ठिवा हितंच. कोंबड्या बसतील." मग पिशव्या उचलून तो स्टँडकडे चालायला लागला. गाडी तिथेच गंजली. त्याने पुन्हा कधी चाकाला हात लावला नाही. मागावर बसला आणि म्हातारा झाला.

तो गेला त्याच्या तेराव्याला, माणसं पांगल्यावर वहिनीने मला विचारलं, "त्या दिवशी मी मोटारीत बसायला पायजे हुतं का गं?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. अजूनही मी तेच म्हणेन. पण तिने विचारलं, तेव्हा मला बोलताना रडू आवरलं नाही.