दुसरा पॉइंट मी खोडला

रिग पाराजवळ उभी होती आणि ड्रायव्हर जॅक टेकवायच्या तयारीत होता. रिग म्हणजे बोअर मारायचं यंत्र बसवलेला ट्रक. बोअरसाठी मी दिलेला पॉइंट मात्र तिथून अर्धा मैल लांब, नाल्याच्या काठाला होता.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. ऑफिसात खुर्च्या कमी, हाताखाली गावं जास्त, आणि वर दुष्काळ. मुरुडजवळच्या या गावात टँकर एक दिवसाआड यायचा. रिग मिळाली होती एका दिवसासाठी.

मी ज्युनिअर जिऑलॉजिस्ट, नोकरीचं दुसरं वर्ष. काम असं, की जमिनीत चार सळया ठोकायच्या, बॅटरीची वीज सोडायची आणि मीटर बघायचा. कोरडा कातळ वीज अडवतो, ओला दगड जाऊ देतो. त्यावरून बोअर कुठं घ्यायचा ते सांगायचं.

सरपंच वयस्कर होते. शांतपणे म्हणाले, "बाई, नाल्याकडं तुमच्या लोकांची वस्ती हाय. म्हणून तिकडं बोअर द्यायलात."

वस्ती बौद्धांची होती. मीही बौद्ध; वडील किनवटला रेल्वेत गँगमन. सरपंचांच्या बोलण्यात 'म्हणून' एवढा एकच शब्द खोटा होता.

त्यांनी माझा रिपोर्ट पुढे धरला. "आन् पाराजवळचा पॉइंट बी ह्याच कागदावर हाय. सही तुमचीच न्हवं?"

सही माझीच होती. मी प्रत्येक रिपोर्टात दोन पॉइंट द्यायचे. पहिला मीटर सांगेल तो. दुसरा कुणाला राग येऊ नये म्हणून. ऑफिसात मी एकटी बाई. आडनाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबायचा. त्यामुळे मी कुठल्याच गोष्टीवर ठाम राहायची नाही. कुणाला दोष देता येऊ नये, एवढंच बघायची.

आमचे डेप्युटी इंजिनिअर साहेब जीपला टेकून ऐकत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पाराजवळचं रीडिंग कसं आलंय?"

"वाईट, साहेब. खालपर्यंत सलग कातळ आहे."

"मग लिहिलंत कशाला?"

"भीतीनं."

"तुम्हीच निस्तरा. मी बोललो तर बोअर माझा होईल. पॉइंट तुमचा आहे."

मी सरपंचांकडे गेले. म्हटलं, "मामा, रिग तासभर थांबू द्या. माझ्याबरोबर दोन विहिरी बघा."

पाराजवळची विहीर कोरडी ठणठणीत होती. काठापासून तळापर्यंत एकसारखा काळा दगड, कुठं भेग नाही. मग नाल्याजवळची पडकी विहीर. तिला पायऱ्या होत्या. आम्ही दोघं खाली उतरलो. काळ्या दगडाखाली लाल मातीचा पट्टा होता आणि त्याखाली भोकाभोकांचा ठिसूळ दगड.

"हात लावून बघा."

त्यांनी तळवा टेकवला. "गार हाय."

"हाच दगड खाली आणखी एकदा आहे, असं मीटर सांगतो. पाणी त्याच्यात राहतं. पाराखाली तो नाही."

"आन् कोरडा गेला तर?"

"तर कलेक्टर ऑफिसात माझ्या नावानं तक्रारीचा अर्ज द्या. दुसऱ्या कुणाचं नाव घालू नका."

वर येऊन मी रिपोर्टातला दुसरा पॉइंट खोडला आणि शेजारी सही केली. सरपंचांनी कागद बघितला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "घे तिकडं."

दुपारी बारापर्यंत नुसती राखाडी धूळ उडत होती. शंभर फूट झाले. लोक एकेक करून सावलीला गेले. ऑपरेटरनं मशीन मंद करून माझ्याकडे बघितलं. आधीची मी असते तर साहेबांकडे बघितलं असतं.

"चालू ठेवा," मी म्हणाले.

थोड्या वेळानं धूळ लाल झाली. मग धूळ उडायचीच थांबली आणि चिखल यायला लागला. आणि एकाएकी कॉम्प्रेसरच्या जोरानं पाणी रिगच्या डोक्यावरून उसळलं. बायका घागरी आणायला धावल्या. साहेब भिजत उभे राहिले आणि हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. सरपंचांनी ओंजळभर पाणी चाखलं. मला म्हणाले, "गोड हाय, बाई."

त्या संध्याकाळी परतताना मी नेहमीची मागची जागा सोडून जीपच्या पुढच्या सीटवर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं.

हातपंप बसला तेव्हा पहिले दोन दिवस गावाची रांग वेगळी आणि वस्तीची वेगळी होती. तिसऱ्या दिवशी उन्हानं सगळ्यांना कंटाळा आणला आणि एकच रांग झाली. पुढे शेजारच्या गावच्या लोकांना घेऊन तेच सरपंच त्यांच्या बोअरसाठी ऑफिसात आले. साहेबांना म्हणाले, "पॉइंट द्यायला बाईच पाठवा."

निवृत्त होईपर्यंत मी शेकडो पॉइंट दिले. काही कोरडेही गेले. त्या गावांत मी स्वतः जाऊन सांगितलं, की अंदाज माझा होता आणि तो चुकला. लोक चिडले, पण पुढच्या खेपेला त्यांनी मलाच विचारलं. चूक आपल्या नावावर घ्यायची तयारी असली, की बरोबर आलेलंही आपल्याच नावावर राहतं.